सुट्या डिस्कचे जुने ड्राइव्ह आणि घरगुती बॅकअप

घरच्या संगणकातील माहितीची दुसरी प्रत करून ती मूळ यंत्रापासून वेगळी ठेवणे म्हणजे बॅकअप. आणि फ्लॉपीची क्षमता अपुरी पडू लागल्यापासून पेन ड्राइव्ह स्वस्त होईपर्यंतच्या साधारण वीस वर्षांत या कामासाठी जी साधने घरोघरी आणि छोट्या कार्यालयांत आली, त्यांत सुट्या डिस्कच्या ड्राइव्हचा वाटा मोठा होता. या साधनांत माहिती धरून ठेवणारी डिस्क एका प्लॅस्टिकच्या कवचात असते आणि ती हवी तेव्हा काढून दुसरी घालता येते, तर वाचन-लेखन करणारे चुंबकीय शीर्ष, मोटर आणि विद्युत मंडल हे सारे ड्राइव्हमध्येच राहते. आज सर्वत्र दिसणाऱ्या बाह्य हार्ड डिस्कपेक्षा ही रचना मुळातच वेगळी आहे, कारण बाह्य हार्ड डिस्कमध्ये तबकड्या आणि शीर्षे एकाच बंद डब्यात कायमची एकत्र असतात. असे जुने ड्राइव्ह अजूनही कपाटांत पडून असल्याने आणि जुन्या बाजारात मिळत असल्याने ते बॅकअपसाठी वापरावेत का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. त्यात खरे तर दोन प्रश्न मिसळलेले असतात. जुन्या ड्राइव्हवर आजची माहिती साठवावी का, हा एक. आणि जुन्या डिस्कवर पडून असलेली माहिती आज परत कशी मिळवावी, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि ती का वेगळी आहेत हे या साधनांच्या रचनेतच दडलेले आहे.

१९९५च्या सुमारास नव्या घरगुती संगणकात ५०० एमबी ते १ जीबी क्षमतेची हार्ड डिस्क असे, तर फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. म्हणजे ५०० एमबीची पूर्ण प्रत काढायला सुमारे ३५० फ्लॉप्या लागत आणि त्यातली एक जरी खराब निघाली तरी अनेकदा संपूर्ण संच निरुपयोगी ठरे. चुंबकीय फितीचे ड्राइव्ह क्षमतेने पुरेसे होते, परंतु फीत सुरुवातीपासून क्रमाने वाचावी लागते आणि मधली एखादी फाइल काढण्यासाठी ती पुढे सरकवत बसावे लागते, त्यामुळे रोजच्या कामात तिचा उपयोग नसे. फितीची क्षमता आणि फ्लॉपीची सोय एकत्र असावी, अशी मागणी होती.

ती पुरवण्याचे प्रयत्न याच्या बरेच आधी सुरू झाले होते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या रॉय या गावी १९८० साली स्थापन झालेल्या आयोमेगा कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या आरंभी 'बर्नुली बॉक्स' बाजारात आणला. त्यातील डिस्क फ्लॉपीसारखी लवचीक असली तरी ती वेगाने फिरताना तिच्यालगतच्या हवेचा दाब घटे आणि ती शीर्षाजवळ ओढली जाऊन अतिशय अल्प अंतरावर स्थिर तरंगत राही. धुळीचा कण मध्ये आला किंवा धक्का बसला तर हवेचा प्रवाह मोडून डिस्क शीर्षापासून दूर होई. हार्ड डिस्कमध्ये शीर्ष तबकडीवर आदळून माहितीचा नाश होतो, तो धोका इथे रचनेनेच टळलेला होता, आणि या सबंध इतिहासातील ही सर्वांत सुंदर अभियांत्रिकी कल्पना म्हणावी लागेल. १९८२ साली स्थापन झालेल्या सायक्वेस्ट या कंपनीने उलट मार्ग धरला. तिने हार्ड डिस्कची कडक तबकडीच कवचात घातली आणि शीर्षे ड्राइव्हमध्ये ठेवली. तिचे ४४ एमबीचे सव्वापाच इंची कार्ट्रिज ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात छपाईपूर्व कामाच्या व्यवसायात इतके रुळले की मॅकिंटॉशवर मांडणी करणारे लोक मोठी पाने आणि चित्रे त्यावरूनच छापखान्याकडे पोहोचवत. मात्र कडक तबकडी उघड्या जगात काढली-घातली की तिच्यावर धूळ बसणारच आणि शीर्ष तर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावरून फिरणार. ही विसंगती सायक्वेस्टच्या घराण्यातील कोणत्याही साधनाला पूर्णपणे सोडवता आली नाही.

घरगुती बॅकअपचा खरा प्रसार झाला तो आयोमेगाच्या झिप ड्राइव्हमुळे. १९९४च्या अखेरीस जाहीर झालेला आणि १९९५मध्ये विक्रीस आलेला हा निळा ड्राइव्ह सुमारे २०० डॉलरना आणि १०० एमबीची डिस्क सुमारे २० डॉलरना मिळे. डिस्क लवचीक होती, मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेई, आणि फ्लॉपीपेक्षा थोडी जाड असल्याने चुकून फ्लॉपीच्या फटीत जात नसे. झिपचे यश केवळ क्षमतेत नव्हते. प्रिंटरसाठी प्रत्येक संगणकाला असणाऱ्या समांतर पोर्टला तो जोडता येई आणि प्रिंटर त्याच्या मागे लावता येई, म्हणजे यंत्र उघडून आत कार्ड बसवण्याची गरज नव्हती. या जोडणीवर वेग मिनिटाला फार तर २० एमबीपर्यंत जाई. स्कझी नावाच्या, त्या काळी मॅकिंटॉशमध्ये सर्रास असलेल्या जोडणीवर तो कितीतरी जास्त होता. पुढे २५० एमबी आणि २००२मध्ये ७५० एमबीच्या डिस्क आल्या. या तीन पिढ्यांमधील मेळ आज जुना ड्राइव्ह घेणाऱ्याने नीट समजून घेतला पाहिजे: २५०चा ड्राइव्ह १००च्या डिस्क वाचतो आणि लिहितोही, परंतु ७५०चा ड्राइव्ह १००च्या डिस्क फक्त वाचतो.

झिपचे नाव ज्या दोषाने बदनाम झाले त्याला वापरणाऱ्यांनी 'क्लिक ऑफ डेथ' असे नाव दिले होते. शीर्ष आपल्या जागेवरून हलले किंवा खराब झाले की ड्राइव्ह डिस्कवरील मार्गखुणा शोधू शकत नसे आणि शीर्ष मागे घेऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करी. त्या प्रयत्नांचा टकटक असा ठरावीक आवाज येई. आवाज हे केवळ लक्षण होते, खरा धोका पुढे होता. खराब शीर्ष डिस्कची कड फाडू शके, आणि तशी फाटलेली डिस्क चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली की तिची कड त्या ड्राइव्हचे शीर्षही बिघडवू शके, त्यामुळे हा दोष संसर्गासारखा एका ड्राइव्हकडून दुसऱ्याकडे जाई. शंका आलेल्या माणसाने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर तीच डिस्क शेजारच्या किंवा कचेरीतल्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली असेल, आणि नेमके तेच सर्वांत घातक होते. स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रामरने या दोषाचा तपशीलवार अभ्यास करून १९९८मध्ये ड्राइव्हची तपासणी करणारा एक मोफत प्रोग्राम उपलब्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेतील डेलावेअर राज्यात ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा दाखल झाला आणि २००१मध्ये तो तडजोडीने मिटला.

झिपच्या प्रतिस्पर्ध्यांचा आणि भावंडांचा इतिहास त्या मानाने थोडक्यात सांगण्यासारखा आहे. आयोमेगाचाच जॅझ हा कडक तबकड्यांचा १ जीबीचा ड्राइव्ह १९९६पासून मिळू लागला, वेगवान होता, आणि धुळीबाबत सायक्वेस्टइतकाच नाजूक होता. सायक्वेस्टने ईझी १३५ आणि पुढे १ जीबीचा स्पार्क असे स्वस्त ड्राइव्ह काढून किमतीच्या लढाईत उडी घेतली, तीत ती टिकली नाही आणि नोव्हेंबर १९९८मध्ये तिचे कामकाज थांबले. तिचे संस्थापक सय्यद इफ्तिखार यांनीच नंतर कॅसलवुड ही कंपनी काढून २.२ जीबीचा ऑर्ब आणला, पण तोही काही वर्षांतच दिसेनासा झाला. १२० एमबीच्या सुपरडिस्कचा गुण असा की तिच्या ड्राइव्हमध्ये साधी फ्लॉपीही चाले. आज एखाद्याकडे तिचा यूएसबी ड्राइव्ह असेल तर तो सुपरडिस्कपेक्षा फ्लॉप्या वाचायलाच अधिक उपयोगी पडेल.

या सर्वांपासून वेगळे घराणे म्हणजे मॅग्नेटो-ऑप्टिकल, संक्षेपाने एमओ. साडेतीन इंची कवचातील या डिस्कवर लेझर किरण एका सूक्ष्म बिंदूला काहीशे अंशांच्या आसपास तापवतो, त्या तापमानाला तेथील पदार्थाची चुंबकीय दिशा बदलणे सोपे होते, आणि बिंदू थंड झाला की ती दिशा पक्की बसते. वाचताना कमी शक्तीचा किरण वापरून परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवण-प्रतलातील किंचित बदलावरून ती दिशा ओळखली जाते. याचे दोन परिणाम महत्त्वाचे आहेत. घरातील साध्या लोहचुंबकाने किंवा स्पीकरने अशी डिस्क पुसली जात नाही, कारण सामान्य तापमानाला तिची दिशा बदलायला फार प्रबळ क्षेत्र लागते. आणि शीर्ष पृष्ठभागापासून पुरेसे दूर असल्याने घर्षणाचा किंवा आदळण्याचा प्रश्न उरत नाही. उणीव वेगाची होती, कारण बहुतेक ड्राइव्ह आधी पुसत, मग लिहीत आणि मग लिहिलेले पडताळून पाहत, अशा तीन फेऱ्या होत. परंतु बॅकअपच्या दृष्टीने ही तिसरी फेरी म्हणजे उणीव नव्हेच. १२८ एमबीपासून २३०, ६४० आणि पुढे १.३ व २.३ जीबीपर्यंत हे घराणे वाढले, जपानमध्ये ते विशेष लोकप्रिय झाले, आणि नंतरचे ड्राइव्ह आधीच्या पिढ्यांच्या डिस्क वाचू शकतील याची काळजी बऱ्याच अंशी घेतली गेली. केवळ माहिती टिकण्याच्या निकषावर या लेखातील कोणत्याही साधनाला पहिला क्रमांक द्यायचा झाला, तर तो एमओला द्यावा लागेल.

तरीही एमओसकट ही सारी साधने मागे पडली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ६५० एमबीची कोरी सीडी झिप डिस्कच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळू लागली आणि ती वाचणारा ड्राइव्ह जवळजवळ प्रत्येक संगणकात होता. २००० साली पहिले पेन ड्राइव्ह आले, ज्यांची सुरुवातीची क्षमता अवघी ८ एमबी असली तरी त्यांना वेगळा ड्राइव्ह लागतच नव्हता. आणि यूएसबीचा वेग वाढल्यावर बाह्य हार्ड डिस्क घरात आली. आयोमेगाने २००४मध्ये ३५ जीबीचा रेव्ह ड्राइव्ह आणून जुनी कल्पना पुन्हा जिवंत करून पाहिली, पण २००८मध्ये ती कंपनी ईएमसी या कंपनीने विकत घेतली आणि पुढे हे नावच बाजारातून गेले.

या ऱ्हासातून निघणारा निष्कर्ष असा की सुट्या डिस्कचे आयुष्य डिस्कवर ठरत नाही, ड्राइव्हवर ठरते. डिस्क तीस वर्षे टिकेलही. पण तिच्या जातीचा ड्राइव्ह नव्याने बनत नाही, जुन्या ड्राइव्हचे रबरी आणि यांत्रिक भाग झिजतात, विद्युत भाग निकामी होतात, आणि बिघडलेला ड्राइव्ह दुरुस्त करणारा तंत्रज्ञ सापडत नाही. किल्ली हरवलेल्या तिजोरीतील ऐवज सुरक्षित आहे असे म्हणण्यात जितका अर्थ, तितकाच अशा बॅकअपला बॅकअप म्हणण्यात. आरडीएक्स नावाच्या पद्धतीने यावर उपाय शोधला होता: तिच्या कार्ट्रिजमध्ये शीर्षांसह संपूर्ण अडीच इंची हार्ड डिस्कच असते आणि ज्याला ड्राइव्ह म्हणतात ती केवळ जोडणी देणारी पेटी असते. पेटी बिघडली तरी कुशल हातांना आतील डिस्क वेगळी वाचता येते. सुटी डिस्कच हवी असा आग्रह असणाऱ्या घराने जुन्या साधनांत निवड करायची तर ती या बाजूने करावी.

ड्राइव्ह चालू असला तरी तो आजच्या संगणकाला जोडणे ही स्वतंत्र अडचण आहे. यूएसबीचे झिप ड्राइव्ह सामान्य साठवण साधन म्हणून ओळखले जातात आणि आजच्या विंडोज किंवा लिनक्स यंत्रावर बहुधा विनासायास चालतात. जुना ड्राइव्ह विकत घ्यायचाच असेल तर हाच प्रकार शोधावा. समांतर पोर्टच्या ड्राइव्हला खरा समांतर पोर्ट लागतो. बाजारात मिळणारी यूएसबी ते प्रिंटर अशी केबल इथे निरुपयोगी आहे, कारण ती केवळ प्रिंटरची भाषा जाणते. लिनक्समध्ये या ड्राइव्हसाठीचे जुने चालक-प्रोग्राम बराच काळ ठेवले गेले आहेत, त्यामुळे समांतर पोर्ट असलेला एखादा जुना संगणक लिनक्सवर चालवणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो. स्कझीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. त्यात प्रत्येक साधनाला वेगळा क्रमांक द्यावा लागतो आणि साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे संकेत परत उलटू न देणारा शेवटचा जोड, लावावा लागतो. शिवाय झिपच्या स्कझी आवृत्तीवरील २५ टाचण्यांचा जोड समांतर पोर्टच्या जोडासारखाच दिसतो, म्हणून तो प्रिंटरच्या पोर्टला लावून यंत्राचे नुकसान होऊ शकते. ड्राइव्हचा मूळ अडॅप्टर नसेल तर व्होल्ट, अँपिअर आणि टोकांची धन-ऋण बाजू ड्राइव्हवरील खुणेशी जुळवल्याशिवाय दुसरा लावू नये.

यापुढची पायरी प्रोग्रामची. त्या काळातील अनेक बॅकअप प्रोग्राम फाइली जशाच्या तशा न ठेवता स्वतःच्या सांकेतिक स्वरूपात दाबून एकाच मोठ्या फाइलीत ठेवत, आणि ती उलगडायला तोच प्रोग्राम, अनेकदा तीच आवृत्ती, लागते. ज्यांनी साधे फोल्डर उचलून झिपवर टाकले, त्यांची माहिती आज सहज वाचता येते. ज्यांनी नीट शिस्तीने प्रोग्रामद्वारे बॅकअप घेतला, ते अडकतात. आळशी पद्धत अधिक टिकाऊ निघावी हा थोडा अन्यायच आहे. मॅकच्या बाबतीत आणखी एक भर: जुन्या डिस्कवरील एचएफएस ही फाइल-व्यवस्था मॅकओएसने २०१९च्या कॅटलिना आवृत्तीपासून वाचणेही बंद केले आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे आजची माहिती या डिस्कवर ठेवावी का याकडे, वळता येते. क्षमतेचा हिशेब सरळ आहे. १ टीबीसाठी १०० एमबीच्या १०,००० झिप डिस्क लागतील, आणि फोनवर काढलेली फोर-के चित्रफीत एका मिनिटातच एक डिस्क भरून ओलांडते. केवळ मजकुराचे मात्र तसे नाही. युनिकोडच्या रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून तीन लाख चिन्हांचे एक मराठी पुस्तक १ एमबीच्या आत बसते आणि एका झिप डिस्कवर तशी शंभर मावतात. घराचे हिशेब, पत्रव्यवहार, हस्तलिखिते एवढ्यासाठी क्षमता पुरते. या साधनांच्या समर्थकांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत कोणताही खंडणीखोर प्रोग्राम पोहोचू शकत नाही. २०१७च्या मे महिन्यात पसरलेल्या वॉनाक्राय या प्रोग्रामने जोडलेल्या संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या, आणि असे प्रोग्राम सतत जोडून ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कलाही सोडत नाहीत. तर्क बरोबर आहे, परंतु सुरक्षितता येते ती जोडणी तोडल्यामुळे, जुन्या तंत्रामुळे नव्हे. दोन स्वस्त बाह्य हार्ड डिस्क आळीपाळीने वापरून एक सदैव कपाटात ठेवली तरी तोच लाभ मिळतो. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, इथे लावला तर जुना एमओ किंवा झिप फार तर तिसरी, जादा प्रत म्हणून खपेल. पहिली किंवा दुसरी म्हणून नाही.

दुसरा प्रश्न मराठी वाचकाच्या अधिक जवळचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरीची सोय १९९१पासून असली तरी विंडोज २०००पर्यंत ती सामान्य संगणकावर सहज पोहोचली नव्हती, आणि त्या काळातील मराठी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका यांची जुळणी श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींत, बहुधा पेजमेकर या मांडणीच्या प्रोग्राममध्ये, होत असे. डीटीपी करणाऱ्यांकडे त्या फाइली फ्लॉपी, झिप, एमओ आणि सीडीवर साठलेल्या आहेत. अशी डिस्क वाचली गेली तरी मजकूर वाचता येतोच असे नाही. या प्रणाली अक्षरांचे तुकडे स्वतःच्या क्रमांकांनी साठवत, म्हणून योग्य फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. तेव्हा फाइलींसोबत फॉन्टही जपले पाहिजेत आणि शक्य तेथे रूपांतरक प्रोग्राम वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला पाहिजे. जोडाक्षरे आणि रफार रूपांतरात हमखास बिघडतात, त्यामुळे मुद्रितशोधन टळत नाही. शिवाय कोकणपट्टी, मुंबई आणि गोव्याच्या दमट हवेत लवचीक चुंबकीय डिस्कवर बुरशी धरू शकते, आणि बुरशीची डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की शीर्षही घाण होते.

सोडवणुकीचा क्रम म्हणूनच काळजीने ठरवावा लागतो. जुना ड्राइव्ह हाती आला की प्रथम त्यात बिनमहत्त्वाची डिस्क घालून काही काळ वाचन-लेखन करून पाहावे आणि टकटक ऐकू आली तर तो ड्राइव्ह बाजूला ठेवावा. महत्त्वाची डिस्क घालण्यापूर्वी तिची धातूची झडप सरकवून उजेडात कड तपासावी. कड फाटलेली, उसवलेली किंवा डागाळलेली दिसली तर ती डिस्क कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नये. एमओ आणि फ्लॉपीला लेखन रोखणारी छोटी खिटी असते, ती आधी लेखन रोखणाऱ्या बाजूला सरकवावी. झिपला तशी खिटी नसल्याने संगणक नकळत डिस्कवर काही लिहू शकतो, हे ध्यानात ठेवावे. यानंतर फाइली एकेक करून उघडत बसण्यापेक्षा जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची बिंदूनबिंदू प्रतिमा एका फाइलीत उतरवून घ्यावी, कारण तो प्रोग्राम आधी धड भाग वाचून घेतो आणि खराब भागांकडे नंतर वळतो, त्यामुळे मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून जास्तीत जास्त माहिती मिळते. पुढचे सारे काम त्या प्रतिमेवर करावे. विभाजनाच्या तक्त्यात झिप डिस्क कारखान्यातून चौथ्या जागेवर नोंदलेल्या येतात, हे लिनक्स वापरणाऱ्याला माहीत असले की डिस्क रिकामी आहे असा गैरसमज होत नाही.

ज्या घरात किंवा छापखान्यात अशा डिस्क पडून आहेत, त्यांनी त्यांची सोडवणूक आणखी पुढे ढकलू नये, कारण चालू ड्राइव्हची संख्या घटतेच आहे. प्रती निघाल्यावर त्या दोन ठिकाणी ठेवून उघडून पाहिल्याशिवाय मूळ डिस्क टाकू नयेत. आणि काम संपल्यावर ड्राइव्ह चालू स्थितीत असेल, तर तो भंगारात घालण्याऐवजी ज्याच्याकडे त्या जातीच्या डिस्क अजून वाचायच्या आहेत अशा माणसाला द्यावा.